काच वर नेताना

वेंडेलिनकाका काच घेऊन निघाला
तेव्हा गावात दुधाची गाडीही आली नव्हती.
चार फूट बाय तीन, जाड, दुहेरी,
पाठीवरच्या लाकडी चौकटीला सुतळीने आवळलेली,
वरून बायकोचं जुनं घोंगडं.
माझ्याकडे कोबी, मीठ,
आणि झोफियाबाईंचा दुरुस्त केलेला चष्मा.
माझा पहिलाच हंगाम.

"बोलायचं नाही," तो म्हणाला.
"वर श्वास मोजून मिळतो."

स्प्रूसचं रान संपलं. मग खुरटे पाइन,
कमरेएवढे, मग गुडघ्याएवढे,
मग नुसते धोंडे, आणि धोंड्यांवर
वाट दाखवणारी निळी पट्टी.
साखळी धरून चढायच्या टप्प्यावर घोंगडं सरकलं
आणि त्याच्या पाठीवर
आख्खी दरी उघडली:
चर्चचं टोक, करवतगिरणीचा धूर,
मधोमध मी, लालबुंद,
डोक्यामागे कोबीचा डोंगर.
चालत होते पुढे
आणि दिसत होतं सगळं मागचंच.

हसू आलं. हसायला श्वास नव्हता.

गावात सांगतात, टाट्राची ही तळी म्हणजे समुद्राचे डोळे;
तळातून थेट तिथवर पाणी जातं,
कुणाला म्हणे एकदा गलबताची फळी सापडली.
घोंगडं पुन्हा बांधताना विचारलंच, खरं का हो?
"मला काय माहीत?
एकोणचाळीस वर्षं मी
बूट बघत वर येतोय."

ओझं उतरलं की दहा पावलं
माणूस प्यायल्यासारखा चालतो.
मी तशीच भेलकांडत गेले दारापर्यंत.
हिमकडा कोसळला त्या रात्रीपासून
खिडकीला प्लायवूड ठोकलेलं,
झोफियाबाई भर दुपारी दिवा लावून कांदे चिरत होत्या.

लांबी, खिळे, पट्ट्या. दोन तास.
मग काका बाकावर बसला, सूप पुढ्यात,
मान अजून ओझ्याखाली असल्यासारखीच वाकलेली.
हळूहळू ती वर आली.

तळं काळपट हिरवं.
जुलै असून एका कडेला
बर्फाची लादी, गलिच्छ, निवांत.
सुपावर साय धरली.
मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

तो उठला, काचेवर हाऽऽ केलं,
बाहीने घासलं, पुन्हा घासलं.
"अंगठा उमटलाय माझा."

"बाहेरून आहे तो," झोफियाबाई म्हणाल्या,
नवा-जुना चष्मा नाकावर बसवत.
"राहू दे."

"बरं," तो म्हणाला. "उद्या बटाटे आहेत."