प्रश्न एकोणचाळीस

पाटणबोरीच्या अभ्यासिकेत लाईन गेली
तेव्हा मी प्रश्न एकोणचाळीसवर होते:
‘पोड’ ही वस्ती कोणत्या जमातीची?
पर्याय क मध्ये
आई, आत्या, शेळ्या, लेतूकाकाचा एक डोळा
दाटीनं उभे.
गोळ्यात मावलं तेवढंच काळं केलं.

रात्री बाबांचा फोन.
“काय वाचून राह्यली व जंगू?”
“टिपेश्वर. क्षेत्रफळ, वाघ, पानझडी वनं.”
“अन् सुन्नाकडून नाल्यात उतरते थे पायवाट?”
“ते नाई येत पेपरात.”

बाबा गप्प.
मग, मोहाखाली कोण उभं आहे
हे पाचोळ्यावरून ओळखतात,
तसं माझ्या श्वासावरून म्हणाले,
“जेवली नाई ना अजून.”