एक अजून

इंदूरची बंद कापडमिल, साचेखात्यामागचा जिना.
सीन एक्केचाळीस, रात्र.
बाई कंदील घेऊन उतरते, सातव्या पायरीवर थबकते,
मागे बघते. एवढंच.

माझं काम लिहून ठेवायचं:
डाव्या हातात सहा बांगड्या, पदर उजवीकडून,
काजळ जरासं फिसकटलेलं,
भिंतीवरचं घड्याळ तीन वाजून दहा.
ते बंदच आहे. तरी लिहायचं.

तिसऱ्या टेकला मागच्या दारात एक माणूस दिसला.
मळका पायजमा, हातात डबा, छातीवर पितळी बिल्ला.
गर्दीची माणसं पुरवणारा बन्सीभिया म्हणाला,
आज कोणालाच बोलावलं नाही, ताई.

चौथ्या टेकला तो दाराच्या आत होता.
पाचव्याला, जिथं साचे होते तिथल्या खुणांमधून
वाट काढत, अंग चोरून, सवयीने.
बिल्ल्याचा आकडा दिसला: तीनशे बारा.

नंदानगरला आमच्या घरी
त्या आकड्याची पगारचिठ्ठी अजून डब्यात आहे.
आई भोंग्याच्या वेळेला उठते.
भोंगा बंद होऊन तीस वर्षं झाली,
रात्रपाळीला गेलेला माणूस यायचाय.

सर म्हणाले, ओके. सुंदर. पुढे चला.
मी वही पाहिली. सगळं जुळत होतं.
म्हटलं, सर, बांगड्या पाच दिसल्या.
एक अजून.

तेव्हापासून चहा निवत नाही.
सराफ्यातून आणलेले गराडू तसेच कुरकुरीत,
कागदावर तेलाचा डाग वाढत नाही.
पाटी वाजवणाऱ्या पोराला मिसरूड फुटलं नव्हतं,
आता मिशा पांढऱ्या झाल्यात. त्याला कळलेलं नाही.
पाटीवर आकडा मावेना म्हणून मनगटावर लिहितो.
आणि ती बाई,
सातव्या पायरीवर आता मागे वळताना
आधी माझ्याकडे बघते. फार नीट बघते.

आज तो जिन्याखाली पोचला.
डब्याची कडी वाजली. साउंडवाल्याने कान झटकले.
त्याचे ओठ हलले.
माझं घरातलं नाव असेल,
किंवा नुसतंच, पाळी सुटली का.
अजून पाच पायऱ्या.

ओके ना गं? सर विचारतात,
आवाजात दात नाहीत.
मी लिहिते: बांगड्या सहा. पदर उजवीकडून. तीन दहा.
मान वर करते.
सर, बांगडी