पुलापर्यंत

आधी चांदी गेली. कुणी गादीत शिवली,
कुणी कोबीच्या वाफ्यात पुरली.
मग निकेल गेलं, मग तांबं,
मग संत गेरेऑनच्या चर्चमधली मोठी घंटा.
दोरखंडानं खाली उतरवली तेव्हा
तिच्या जिभेमागून चिमण्यांचं घरटं निघालं.

आणि एका सकाळी अख्ख्या हेर्लबाखमध्ये मोड उरली नाही.
बेकरीतल्या फ्राऊ लोमाननं उरलेल्या पैशांच्या
तीन लवंगा दिल्या. खाटकानं टपालाचं तिकीट,
तेही आधी कुणीतरी चाटलेलं.

नगरपालिकेनं आमचा कारखाना निवडला.
आम्ही बटणं करायचो. कोटांची,
आणि चौदा सालापासून फक्त गणवेशांची.
आता त्याच दाबयंत्रावर लोखंडी दहा फेनिग.
साचा कुनिबर्ट ड्रेसनं कोरला. म्हातारा थडगी कोरतो,
म्हणून आकडे जरा जास्तच गंभीर दिसतात.
एका बाजूला मासा, दुसऱ्या बाजूला
"फक्त हेर्लबाख शहरापुरतं."
म्हणजे पुलापर्यंत.
पुलापलीकडे ते भोकं नसलेलं बटण.

जुनी माणसं नाणं वाजवून घ्यायची.
हे वाजत नाही. फळीवर टाकलं की
ठक्क म्हणतं, दार लावल्यासारखं.

आन्सगारला मी एक पाठवलं, मोज्याच्या टोकात खुपसून.
त्यानं लिहिलं:
इथे पत्त्यांत मी हे तीनदा हरलो,
तिन्ही वेळा जिंकणाऱ्यानं परत केलं.
याचं काही विकत घेता येत नाही, वालबुर्गा,
म्हणून हे संपतही नाही.
कडेला खाच पाडलीय, माझं म्हणून.

मार्चमध्ये पाकीट आलं.
चाकू, चमचा, माझीच चार पत्रं,
आणि ते. तिकडच्या चिखलानं तांबूस झालेलं,
मासा अर्धा खाल्लेला.

मी ते जपलं. नऊ दिवस.
लोकांना वाटतं, असलं काही माणूस जन्मभर जपतो.
दहाव्या दिवशी ट्रूड तापानं फणफणली होती,
दुधाला दहा कमी पडत होते
आणि हे दहाच होतं. इथे चालणारं.
एप्रनला घासून काउंटरवर ठेवलं.
दूधवालीनं गंज पाहिला, मग मला पाहिलं,
आणि गल्ल्यात टाकलं.
ठक्क.

तेव्हापासून हातात येईल ती मोड
मी उलटीपालटी करते, नखानं कडा चाचपते.
रांगेत मागचे कुरकुरतात:
हिला आपल्याच कारखान्याचा भरवसा नाही!
कधी भीती वाटते, ते पूल ओलांडून गेलं असेल.
मग माझं मलाच हसू येतं.
ते कुठे जाणार? त्याला जायला जागाच नाही.
ते इथेच आहे, या आठशे घरांत,
कुणाच्यातरी खिशात, किल्लीशेजारी, खडीसाखरेशेजारी,
आणि त्या माणसाला काही ठाऊक नाही.

पण यंदा ओल फार धरली.
आता सगळीच नाणी तांबूस झालीत,
सगळ्यांच्याच कडा झिजल्यात, खाच कुठली आणि गंज कुठला
नखाला कळत नाही.
हातात येईल ते नाणं मी
जरा जास्त वेळ मुठीत धरते, ते ऊबदार होईपर्यंत,
आणि मग देऊन टाकते.