सप्टेंबरचं चित्र

माझा अर्धा पगार सरकार देतं,
अर्धा टूना डबाबंद करणारी कंपनी.
कंपनीचा एक तारखेला येतो.
सरकारचा... येतो.

टेमा बंदरामागच्या या शाळेत
खोली सरकारची, भिंतीवरचा जाड नमदा कंपनीचा.
घंटाही सरकारची;
तिच्यावर गुंडाळलेला टॉवेल माझ्या घरचा.

नी ओकाई रोज दारावरची पाटी बोटानं वाचतो,
उद्घाटनाला आलेल्या साहेबांनी सोडून दिलेली
शेवटची ओळसुद्धा:
करार, एकतीस ऑगस्टपर्यंत.
मग नमद्याला कान लावून उभा राहतो.

त्याचा दिवस मी चित्रांत मांडते:
चप्पल. पाणी. अक्षरं. मक्याचं केंके. घर.
एक चित्र जरी सरकलं
तरी तो टेबलाखाली जातो,
आणि मीही जाते, शेजारी बसते, गप्प,
गुडघ्यांना धूळ लागेपर्यंत.

काल कंपनीची बाई आली, फाइल घेऊन.
प्रगती किती टक्के?
मी म्हटलं, मार्चमध्ये त्यानं माझी बाही धरली.
तिचं पेन रकान्यांवरून दोनदा फिरलं,
मग समासात काहीतरी लिहिलं, बारीक अक्षरात.

आज ओकाईनं कात्री मागितली.
कोरा चौकोन कापला, अगदी काटकोनात,
ओळीच्या शेवटी, घराच्याही पुढे चिकटवला,
आणि खिडकीकडे बघत म्हणाला,
"डेडे. एक सप्टेंबर. काढ."

मी पेन्सिलीला टोक करतेय.
तिसऱ्यांदा.