दहा शून्यं

कोगनोळीचा नाका ओलांडला की डाव्या हाताला आमचा पंप.
महाराष्ट्रातल्या गाड्या टाकी तळाला ठेवून येतात,
इकडं डिझेल चार पैशांनी खाली असतं म्हणून.
मी नळी लावतो. मशीन विचारतं, कार्ड?
ड्रायव्हर म्हणतो, कसलं कार्ड मर्दा, आवर की.

ते पॉइंट कुणाचेच नव्हते.
टाकी उघडल्यावर वास येतो ना,
तसे उडून जाणारे.
मी सुमित्राचा नंबर दाबला, एकदाच.
मग अकरा महिने दाबत राहिलो.

दिवाळीच्या तोंडावर खोकं आलं, पाच लिटरचा कुकर.
कुणी दिला, तिनं विचारलं.
कंपनीनं, म्हटलं.
ते खोटं नव्हतं, खरं
खरंही नव्हतं.

हिरेमठ साहेबांनी कागद पुढं टाकला:
एका नंबरवर एका रात्रीत एकोणीस ट्रक.
बायकोनं ट्रक कधी घेतले रे एवढे?
पोरं हसली. मीही हसलो.
कळ्ळतन, म्हणाले साहेब.
मग नीट पोचावं म्हणून, चोरी.

निपाणीत सदलगे वकिलांकडं गेलो.
त्यांनी चष्मा पुसून नियम वाचले,
इंग्रजी, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं.
म्हणाले, नियम कंपनीचा, कायदा सरकारचा.
कुणाच्या सोप्यात चप्पल घालून गेलास
तर घरधनी बोलेल, फौजदार येणार नाही.
मला हायसं वाटलं. मी उठलो.
खरं तू गिऱ्हाईक नव्हतास, भरमा,
तू नळीच्या ह्या बाजूला उभा होतास.
तिथं नियम कुठं संपतो, कायदा कुठं लागतो,
तो दगड मलाही नेमका दाखवता येणार नाही.
फी नको म्हणाले. मी पन्नास ठेवले. घेतले त्यांनी.

दगडांचं आम्हाला काय सांगता.
एक जण रंगवतो, दुसरा रात्रीत डांबर फासतो.
आमच्या चुलत्याकडं दोन्हीकडची रेशनकार्डं होती,
दोन्हीकडची साखर एकाच डब्यात पडायची,
आणि तो गेला तेव्हा सगळे म्हणाले, सरळ माणूस.

निष्ठावान ग्राहक, असं छापलंय ह्या कार्डावर.
कोण निष्ठावान?
उद्या तिकडं चार पैसे उतरले
तर हाच रस्ता उलटा वाहायला लागेल,
आणि मी इथं रिकाम्या पंपावर
नळी पुसत बसेन.

कुकरचे पैसे तीन पगारांतून कापले.
नोकरी राहिली. भात त्यातच शिजतो.
खोकं मात्र सुमित्रानं माळ्यावर ठेवलंय, पट्टीसकट,
परत मागितला तर असावं म्हणून.

काल रात्री सांगलीचा टँकर लागला.
कार्ड?
नाही.
मी दहा शून्यं दाबली.
मशीन जरा वेळ गप्प राहिलं,
मग पडद्यावर आलं, असा ग्राहक नाही.
मागच्या गाडीनं हॉर्न दिला.