खवट

अ‍ॅबर्डीनच्या ग्रॅनाइटवर समुद्राचं धुकं चढलं
की प्रयोगशाळेचं दार चौकटीत फुगून बसतं.
अँगस रेनी खांदा लावतो, म्हणतो,
"आज हेही चॅनल बंद."

उंदराच्या पिल्लाच्या मानेतली एक चेतापेशी.
तिच्या कातडीला काचेची नळी टेकवायची,
टोक इतकं बारीक की दिसते ती टोकाची सावली,
आणि तोंडात धरलेल्या रबरी नळीतून
हळूच श्वास आत ओढायचा,
पोळणाऱ्या चहाचा पहिला घोट घेतात तसा.
पेशी चिकटते.
पडद्यावर एक खळगा उमटतो:
दार उघडलं, कॅल्शियम आत गेलं.
खरं तर बेरियम, त्याचा तोतया.
दाराला कळत नाही, आम्ही सांगत नाही.

तीन दिवस मी तिच्यावर अ‍ॅरॅकिडॉनिक अ‍ॅसिड सोडत होते.
चार ठिकाणी वाकलेली चरबीची साखळी.
लॅटिनात भुईमुगाचं जे नाव, त्यावरून हिचं बारसं,
भुईमुगात मात्र ही सापडत नाही.
ही दार ठोठावत नाही म्हणे, भिंतीत मुरते
आणि दाराचं अंग जड करते.
माझा खळगा जसाच्या तसा.
सोमवार. मंगळवार. बुधवारी नळ्याही तुटल्या.

रात्री बार्शीला फोन.
अण्णांना पेशी, दार, खळगा काही सांगत बसले नाही,
एवढंच म्हटलं, तेल काम करत नाहीये.
चाळीस वर्षं घाण्यावर काढलेल्या माणसाने
कसलं, किती, कुठून आणलं, काही विचारलं नाही.
"वास घेतलास?"

मिलिग्रॅमच्या कुपीचा कोण वास घेतं!
उणे ऐंशीच्या कपाटातून काढली,
तळव्यात ऊब येईतो धरली, झाकण फिरवलं,
आणि नाकाशी आली
आमच्या डब्यांची मागची खोली,
वैशाखात पत्र्याखाली न विकता राहिलेलं तेल.
कुणीतरी नायट्रोजन न भरताच झाकण लावलं होतं.
कुणीतरी म्हणजे मी.
अक्षर माझंच होतं चिठ्ठीवर.

नवी कुपी. पाचव्या मिनिटाला खळगा अर्धा.
बाहेर ताटकळलेला तो तोतया,
आत पुड्या बांधून बसलेला निरोप,
पुढच्या पेशीला काहीच कळणार नाही अशी शांतता.
मी ती दोन मिनिटं तशीच राहू दिली.
मग अल्ब्युमिन सोडलं, गुरांच्या रक्तातलं.
ते चरबी पाठीवर घेतं आणि धुऊन निघून जातं.
खळगा परत खोल, जवळजवळ पहिल्याइतका.

आजोबांच्या घाण्याला बैल होता, डोळ्यांवर झापडं.
तारेच्या पिंजऱ्यात दोन्ही हात अडकलेले
आणि मला एकटीला हसू फुटलं:
शेवटी तेल वाहायला यांचाच वंश.

अण्णांना कळवलं. म्हणाले, बरं.
थोडा वेळ लाइनवर नुसती खरखर.
मग, "तिकडे शेंगदाणे काय भाव?"