हातचा

सगळ्यात जवळचा समुद्र आमच्या शाळेपासून
हजार मैल.
टॉलफसन मास्तरांनी तो फळ्यावर काढला होता,
निळ्या खडूनं. न्यूफाउंडलंडच्या पुढे
बोटभर अंतरावर खडू संपला,
नवा रेजायनाहून यायचा होता.
उरलेला अटलांटिक काळाच राहिला.

एक खोली, एक शेगडी, आठ इयत्ता, एकोणीस मुलं.
मी तिसरीत. ओरेस्ट हनाट्युक सातवीत,
तरी बेरजेत हातचा विसरायचा.
मास्तर त्याची मूठ मिटून धरायचे:
"इथे ठेव. सोडलास की उत्तर गेलं."

चाळीस साली, गहू कापणीला यायच्या आत, ते गेले.
नौदलाला गणित येणारी माणसं हवी होती.
समुद्र पाहिलेला असावा, अशी अट नव्हती.
पोहता येत नव्हतं त्यांना. शिकणार कुठे?
आमच्याकडे पाणी म्हणजे गुरांचं डबकं.

पत्रं यायची, सेन्सॉरच्या कात्रीनं खिडक्या पाडलेली.
"लाटा म्हणजे आपलं जूनमधलं शेत,
फक्त खालून कुणीतरी उचलतंय."
पुढची ओळ कापलेली.

बाकीचं त्यांनी एकदाच सांगितलं,
मी स्वतः मास्तरीण व्हायला निघाले तेव्हा,
चहा निवत असताना.

फेब्रुवारी. टँकर जळून बुडालेला.
तेलानं काळं पाणी, त्यात डोकी.
"मोजली मी. सवय. एकतीस."
जहाजाच्या कडेला जाळं सोडलं होतं,
ते वाकून एकाचा हात धरून होते,
आणि घंटा झाली: पूर्ण वेग, पुढे.
पाणबुडी खाली होती,
नेमकी त्या डोक्यांच्या खाली.

हात गेला. मोजा राहिला.
लोकरी; अंगठा तेवढा तांबड्या लोकरीचा.
"लोकर संपली की आया तसंच विणतात ना?
आपल्या वर्गातही होते तसे."

मग स्फोटकांची पिंपं.
किती खोलीवर फुटायची, हा हिशेब त्यांचाच.
"उत्तर बरोबर आलं का?" मी विचारलं.
विचारायला नको होतं.
"कळणार कसं? पाणबुडी बुडाली
तर तेल वर येतं.
तेल तर आधीपासूनच होतं."

पंचेचाळीसच्या हिवाळ्यात ते परत आले होते.
दाढी नव्हती, गोष्टी नव्हत्या.
आम्ही मुलं जरा हिरमुसलोच.
पहिल्या सोमवारी सत्तेचाळीस अधिक अडतीस.
फळ्याशी उभी धाकटी ओल्गा म्हणाली,
"पाच. हातचा एक, सर?"
मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले,
बाहेर नुसता बर्फ, पार क्षितिजापर्यंत.
ओल्गा मूठ मिटून उभी.
शेवटी ओरेस्टचा भाऊ मागून ओरडला, "पंच्याऐंशी!"
आणि आम्ही पुढच्या गणिताकडे गेलो.

त्याच आठवड्यात त्यांनी नकाशा पुन्हा काढला.
आता खडूंचा आख्खा डबा होता.
न्यूफाउंडलंडच्या पुढे बोटभर,
आणि हात झटकले.
"खडू आहेत की, सर," कुणीतरी म्हणालं.
"आहेत," ते म्हणाले.

बावन्न साली शाळा मी ताब्यात घेतली.
यादी त्यांच्याच अक्षरात:
शेगडी एक. बाकं दहा, पैकी एक डुगडुगतं.
घंटा, दोर नवा.
निळे खडू, अकरा.